अंगावर चार पांघरुणं, तरी हुडहुडी : भंडारदऱ्याच्या एका रात्रीचं प्रकरण

ठाण्याचं पाच माणसांचं कुटुंब, शेजारी शेजारी लावलेले दोन तंबू, एकच रात्र. अडुसष्ट वर्षांच्या आजी गाढ झोपल्या होत्या. त्यांच्या सुनेचा पंचविशीतला भाऊ ‘० अंश’ असं छापलेल्या स्लीपिंग बॅगेत रात्री दीड वाजता दात वाजवत बसला होता आणि दहा वर्षांचा नातू रडत होता. पांघरुणांची कमतरता कुणालाच नव्हती. थंडीही काही हिमालयातली नव्हती. पाण्याकाठी माझ्या थर्मामीटरवर पहाटेचा आकडा होता ८. मी पलीकडच्या तंबूत होतो, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांसमोर घडलं आणि आदल्या संध्याकाळचा हिशेब सकाळी चहावर लागला. आपल्याकडच्या हिवाळी कॅम्पिंगमध्ये जे जे चुकतं त्यातलं बहुतेक या एका रात्रीत ओळीने आलं, म्हणून सविस्तर मांडतो.

जागा

भंडारदरा अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्यामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. एका अंगाला कळसूबाईची रांग, दुसऱ्या अंगाला रतनगड आणि मधल्या खोलगटात पाणी. डिसेंबर-जानेवारीत शनिवार-रविवारी या काठावर तंबूंची रांग लागते. प्रत्येकाला तंबू पाण्याला चिकटूनच हवा असतो, कारण सकाळी झिप उघडल्यावर फोटो तिथूनच चांगला येतो.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे गारठा वर आणि खाली ऊब, असा सर्वसाधारण समज असतो. दिवसा आणि वाऱ्यात ते खरंच आहे. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटं होतं. जमीन दिवसभराची उष्णता आकाशात सोडून देते, तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून खाली सरकत खोलगटात साचते. महाबळेश्वरात दर हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या गावातल्या बाजारपेठेतून येत नाहीत, वेण्णा तलावाच्या काठावरून येतात. कारण हेच. भंडारदऱ्याला दव गोठण्याइतका पारा सहसा उतरत नाही, पण खेळ तोच. वरच्या भातखाचरात, पाण्यापासून चालत पाच मिनिटांवर, त्याच पहाटे थर्मामीटरने ११ दाखवले. तीन अंशांचा फरक आणि तोही फुकट मिळणारा. शिवाय काठावरचं गवत दवाने चिंब आणि खाचरातला पेंढा जवळजवळ कोरडा.

ज्यांच्या शेतात हे तंबू होते त्या काकांनी संध्याकाळीच सांगितलं होतं, “पाण्याकडं नका लावू, वरल्या खाचरात गारठा कमी.” ऐकलं कुणी नाही. तंबू आधीच लावून ठेवलेले होते आणि पैसेही ‘लेक-टच’चे दिलेले होते.

संध्याकाळ

मुलगा पाच वाजता पाण्यात खेळला. जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली, ती अंगावरच वाळेल असं ठरलं. सहाच्या सुमारास सूर्य डोंगराआड गेला आणि अर्ध्या तासात हवा बदलली. मग शेकोटी, बार्बेक्यू, स्पीकरवर गाणी. जाकिटं घालूनच सगळे नाचले, म्हणजे आतले सुती टी-शर्ट घामाने ओले झाले. मामाने थोडी दारू घेतली. “थंडीत तेवढी लागतेच, भावजी,” हे वाक्य मी माझ्या खुर्चीवरून ऐकलं. जेवण पनीर टिक्क्याने सुरू होऊन टिक्क्यावरच संपलं. काकांच्या घरून आलेली भाकरी आणि पिठलं फक्त आजींनी नीट खाल्लं.

अकराला सगळे झोपायला गेले. कॅम्पवाल्याने प्रत्येक तंबूत फुगवायची जाड गादी टाकली होती. वर बेडशीट, वर दोन-दोन ब्लँकेटं. आजींनी गादीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “या फुग्यावर मी नाही झोपायची. रात्री फुटला म्हणजे?” घरून आणलेली जाड गोधडी त्यांनी दुहेरी करून खाली अंथरली, दुसरी अंगावर घेतली, डोक्याला माकडटोपी घातली. त्यांचा मुलगा म्हणाला, “आई, अगं तुझ्यासाठीच गादी सांगितली होती.” त्यांनी तोवर डोळे मिटले होते.

दीड वाजता

मुलाच्या रडण्याने जाग आली ती मला नव्हे. काही वेळाने मुलाचे बाबा बार्बेक्यूची शेगडी घेऊन तंबूकडे जाताना त्यांच्या टॉर्चचा उजेड तोंडावर पडला तेव्हा मला आली. शेगडीत निखारे लाल होते, ज्वाला नव्हती, धूरही नव्हता. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं त्यांना वाटत होतं.

या प्रकरणात जिवावर बेतणारी गोष्ट हीच होती, थंडी नव्हे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं झोपलेल्या माणसाला कळत नाहीत. तो फक्त उठत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात. तंबू तर खोलीहून कितीतरी लहान. “थोडी झिप उघडी ठेवतो की,” असं बाबा म्हणाले. ती पळवाट नाही. शेगडी तंबूपासून लांब नेऊन ठेवली. मामाने सुचवलेला दुसरा उपाय, गाडीत हीटर लावून झोपण्याचा, तोही याच कारणासाठी बाद. उभ्या गाडीचं इंजिन रात्रभर चालू ठेवलं की एक्झॉस्टचा वायू आत शिरू शकतो. इंजिन बंद केलं तर गाडी म्हणजे गार पत्र्याचं खोकं.

मग मुलाकडे वळलो. तो जोरात थरथरत होता, ओठ फिके, बोटं गार. मी त्याला विचारलं, “तेराचा पाढा येतो?” तो कुरकुरत का होईना, तेरा साते एक्क्याण्णवपर्यंत बिनचूक गेला. हा काही मनोरंजनाचा भाग नव्हता. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि ते उतरत गेलं की जीभ जड होते, बोलणं तुटक होतं, तोल जातो, माणूस भलतंसलतं बोलू लागतो. स्पष्ट बोलणारा आणि जोरात कुडकुडणारा माणूस अजून स्वतःची उष्णता स्वतः तयार करतो आहे. भीती उलट चिन्हाची असते: अंग गारच, पण थरथर थांबली आणि माणूस सुस्त पडला, तर तो बरा होत नसतो. तेव्हा पाढे म्हणायला लावत बसायचं नाही. १०८ला फोन करायचा, माणसाला आडवाच ठेवून हळुवार हलवायचं, हातपाय चोळायचे नाहीत.

आजी आता जाग्या झाल्या होत्या आणि नातवाचे तळपाय खसाखसा चोळायला बसल्या होत्या. इतक्या सौम्य अवस्थेत त्याने बिघडत काही नाही, पण उपयोगही नाही. पायाला रक्त कमी आहे कारण शरीराने ते पोटाकडे, छातीकडे ओढून घेतलं आहे. ऊब द्यायची ती तिथेच.

खोट कुठे होती

मी ब्लँकेट आणि गादीच्या मध्ये, मुलगा झोपला होता त्या जागी, हात घातला. वरून ब्लँकेट कोमट लागलं. तळहाताखालची गादी फरशीसारखी गार होती. त्याच्या अंगाच्या वजनाखालचा भागसुद्धा, जिथे तो दोन तास झोपला होता.

घरी, विटांच्या घरात, पहिल्या मजल्यावर झोपताना थंडी वरून येते असं वाटतं आणि आपण पांघरूण वाढवत जातो. उघड्या जमिनीवर हिशेब वेगळा असतो. खालच्या बाजूला अंग थेट टेकलेलं असतं आणि जमीन उष्णता खेचतच राहते. तिला कितीही दिली तरी ती तापत नाही. पांघरुणाची ऊब ही खरं तर त्याच्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेची ऊब असते. आपल्या वजनाखाली ती हवा दाबून बाहेर निघून जाते. स्लीपिंग बॅगेचा पाठीखालचा अर्धा भाग म्हणूनच जवळजवळ निकामी असतो, कितीही महाग बॅग घ्या.

फुगवायच्या गादीत तर हवाच हवा आहे, मग ती गार का? कारण ती हवा स्थिर नाही. वीतभर जाडीच्या मोकळ्या पोकळीत हवा फिरते. अंगाखालची हवा तापते, जमिनीकडची गार असते, झोपणारा जरा हलला की दोन्ही ढवळून निघतात. फोममध्ये हीच हवा लाखो बारीक कप्प्यांत कोंडलेली असते, म्हणून बोटभर जाडीची फोमची मॅट वीतभर जाडीच्या साध्या हवेच्या गादीला हरवते. मॅटची रोधकता मोजायला आर-व्हॅल्यू नावाचं माप आहे. साध्या हवेच्या गादीची ती एकच्या आसपास भरते, चांगल्या फोम मॅटची दोनच्या, आणि एकावर एक टाकलेल्या मॅटच्या आर-व्हॅल्यूंची चक्क बेरीज होते. सह्याद्रीत दोन पुरते. बर्फावर झोपायचं तर चार-पाच लागते, म्हणून केदारकांठासारख्या हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांनी या लेखातल्या जुगाडावर विसंबू नये.

आजींची दुहेरी गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर दाट टाके. दाबली तरी फार बसत नाही. त्यांच्या झोपेचं रहस्य तेवढंच. अर्थात आजींना थंडी वाजत नव्हती यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही. म्हातारपणी थंडीची जाणीव बोथट होते, थरथरही कमी होते, त्यामुळे “मला काही नाही झालं” हे वयस्कर माणसाचं वाक्य पुरावा म्हणून धरता येत नाही. त्यांच्या सुनेला सांगितलं, “आईंच्या पोटावर हात लावून बघा.” पोट गरम होतं. प्रश्न मिटला.

मामाच्या बॅगेवरचं ‘० अंश’ हे दुसरं कोडं. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे स्लीपिंग बॅगेला तीन आकडे असतात: आरामात झोप लागण्याचा, जेमतेम झोप लागण्याचा आणि तिसरा, केवळ जीव वाचण्याचा. पहिल्या आणि तिसऱ्यात पंधरा-वीस अंशांचं अंतर सहज असतं. स्वस्त बॅगांवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा कोणता, हे छापणाऱ्यालाच माहीत. शिवाय त्या चाचणीत बॅगेत झोपवलेल्या पुतळ्याखाली चांगली मॅट असते. फुग्यावर झोपवून कुणी मोजत नाही. दारूचं तर उघड आहे. तिने कातडीकडचं रक्त वाढतं, गाल गरम होतात, माणसाला ऊब आली असं वाटतं, आणि तीच ऊब अंगातून बाहेर निघून जात असते.

ओल्या कपड्यांबद्दल फार लिहायला नको. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. मुलगा त्याच जीन्समध्ये झोपला होता. पायचा पिळून पाहिला तर पाणी निघालं नाही, पण बोटांना ओल लागली. सुताला एवढी ओल पुरते.

आणि तंबूची छपरं. थंडी आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या, वरची जाळीसुद्धा, बंद केलेल्या. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. तीन माणसांचं ते सगळं छताला लागून थेंब होऊन ब्लँकेटांवर टपकत होतं. बाहेर दव, आतही दव.

काय केलं

मुलाचे सगळे कपडे बदलले: कोरडी बनियन, शाळेचा लोकरी स्वेटर, आजींची माकडटोपी, मामाचे कोरडे मोजे गुडघ्यापर्यंत. तोवर काकांच्या घरी चूल पेटली होती. पाणी उकळून दोन स्टीलच्या बाटल्यांत भरलं, झाकणं उलटी करून गळतात का ते पाहिलं आणि प्रत्येक बाटली जाड मोज्यात घातली. उघडी स्टीलची बाटली झोपेत कातडी भाजते, आणि गारठलेल्या माणसाला ते वेळेवर कळत नाही. एक छातीशी, एक मांड्यांच्या मध्ये. प्यायला साखर घातलेलं गरम दूध, खायला गूळ-शेंगदाणे. थरथरणं हे स्नायूंचं कष्टाचं काम आहे, त्याला इंधन लागतं, आणि या पोराच्या पोटात चार पनीरचे तुकडे होते. तोंडात गुळाचा खडा धरून तो मला म्हणाला, “चौदाचा पण येतो.” तेव्हा माझी काळजी बरीच कमी झाली.

काकांनी घराच्या मागच्या उडवीतून पेंढ्याच्या चार पेंड्या आणल्या. डिसेंबरात भात झोडून झालेलं असतं, तेव्हा या तालुक्यात पेंढ्याला तोटा नाही. एकेक पेंडी टॉर्चच्या उजेडात झटकून घेतली, कारण विंचवालाही पेंढ्याची ऊब आवडते. वरच्या खाचरात, आंब्याच्या झाडाखाली, वीतभर जाडीचा थर पसरला. झाडाखाली मुद्दाम, कारण डोक्यावर पानं असली की जमिनीची उष्णता सरळ आकाशात जात नाही आणि दवही कमी पडतं. तंबू घुमटाच्या आकाराचा, आपल्या काड्यांवर उभा राहणारा. चौघांनी चार कोपरे धरून तो पालखीसारखा उचलून वर नेला आणि पेंढ्यावर ठेवला. शेकोटी तिथून लांब ठेवणं हे ओघाने आलंच.

हवेची गादी बाहेर. अंगावरच्या दोन ब्लँकेटांपैकी एक घडी घालून खाली. यावर वाद झाला. “अहो, त्याला थंडी वाजतेय आणि तुम्ही पांघरूण काढताय?” असं त्याच्या आईने विचारलं, आणि प्रश्न रास्तच होता. मी म्हटलं, दहा मिनिटं बघू, नाही जमलं तर परत वर घाला. वरच्या जाळीची झडप अर्धी उघडली त्यावर दुसरा वाद; त्यात आजी विरोधी पक्षात होत्या आणि अजूनही आहेत.

अडीचच्या सुमारास थरथर थांबली. इथे पुन्हा तपासणं आलं: थांबली ती ऊब आल्याने की थकल्याने? पोट गरम, गाल गरम, बोलणं स्पष्ट, “लाईट बंद करा” अशी तक्रार. तीनच्या आधी तो झोपला. सकाळी सात वाजता तंबूचं छत आतून कोरडं होतं.

कारण नक्की कोणतं?

हे प्रकरण कुणी नीट वाचलं तर एक आक्षेप घेईल आणि तो बरोबर आहे. मुलाच्या बाबतीत आम्ही एका तासात कपडे, जागा, अंथरूण, अन्न, हवा सगळंच बदललं. मग गादीवरच एवढं खापर का? ओली जीन्स काढल्यानेच तो बरा झाला नसेल कशावरून?

मुलाकडे पाहून याचं उत्तर देता येत नाही. रात्री दोन वाजता कुडकुडणाऱ्या पोरावर एकेक उपाय करून बघण्याचा प्रश्नच नव्हता. पण मामा तिथेच राहिला होता. त्याचा तंबू पाण्याकाठीच होता, पेंढा संपला होता आणि कपडे बदलायला तो तयार नव्हता. त्याच्या ताईने गाडीच्या डिकीतून स्वतःची योगा मॅट आणून दिली. ती त्याने हवेच्या गादीवर पसरली, वर गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा टाकला आणि त्याच बॅगेत, त्याच टी-शर्टमध्ये, त्याच ब्लँकेटाखाली पुन्हा आडवा झाला. अर्ध्या तासाने तिथून घोरणं ऐकू आलं. बदलली होती ती फक्त पाठीखालची गोष्ट.

सकाळी मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मॅटचं काय नाही हो, तोवर दारू उतरली होती.” तेही असू शकतं. तरी निघताना कॅम्पवाल्याकडे फोमच्या मॅट कुठे मिळतात याची चौकशी करत होता तो तोच.